एका बाजारी टिपका, दुसऱ्या बाजारी छाप

आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या सरांनी या दिवाळी अंकासाठी माझं नाव सुचवलं, तेव्हा मला वाटलं त्यांची काहीतरी चूक होते आहे. आपल्या कामाबद्दल वकील लिहितात, डॉक्टर लिहितात, मामलेदार लिहितात. मी अजून शिकते आहे, आणि माझं काम म्हणजे आठवडी बाजारात पालाखाली बसून लोकांच्या हातांवर छाप मारणं. तसं मी सरांना सांगितलंही. ते म्हणाले, "लहानपणापासून करतेस ना? मग तुझी नोकरी पुष्कळांपेक्षा जुनी आहे. लिही." म्हणून लिहिते आहे. नीट जमेल की नाही ते माहीत नाही, पण जे सांगते ते खरं आहे.

छाप म्हणजे गोंदण नव्हे, हे आधी सांगायला हवं. गोंदणाला सुई लागते, रक्त येतं, आणि गोंदण माणसाबरोबर सरणावर जातं. छाप नुसता कातडीवर बसतो आणि काही दिवसांनी निघून जातो. लाकडाचा ठसा, शाईत भिजवलेली कापडाची गादी आणि स्वच्छ पुसलेला हात, एवढ्यावर आमचा धंदा. हल्ली पुसदच्या दुकानात मुलांसाठी कागदावरची चित्रं येतात, पाण्यात बुडवून मनगटावर चिकटवायची. काम तेच. फरक एवढाच की त्या कागदावर काय लावलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आमच्या शाईत काय आहे ते आम्हाला माहीत असतं. निदान असायला हवं, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले आणि त्याच दिवशी माझ्या बानं गावकीचं काम सोडलं. मेलेली गुरं ओढायची नाहीत, दवंडी द्यायची नाही, शिळी भाकर मागायची नाही. सोडलं ते ठीक, पण मग करायचं काय? पुसदला एक म्हातारे रंगारी होते, लुगड्यांचे काठ ठशांनी छापायचे. गिरणीच्या लुगड्यांपुढे त्यांचं काम बसलं होतं. त्यांच्याकडून बानं काही फुटके ठसे आणले, ते पाहून सागाच्या तुकड्यांवर स्वतः कोरायला शिकला, आणि कापडाऐवजी कातडीवर छापायला लागला. वेल, मोर, कमळ, विंचू. पण त्याच्या मनासारखा ठसा एकच होता, आठ आऱ्यांचं चक्र. तो त्यानं किती वेळा कोरला आणि किती वेळा चुलीत घातला! आरे बारीक केले की मोडायचे, जाड ठेवले की मध्ये शाई भरून नुसता काळा गोळा उमटायचा.

वाटणी अशी होती. बा ठसे कोरायचा आणि शाई करायचा. बायकांचे हात धरायला माझी माय. मी शाळेत असल्यापासून डिंक कुटणं, गाद्या धुणं, पोरींना छाप मारणं. महागाव, फुलसावंगी, पुसद असे आमचे बाजार, प्रत्येकाचा वार ठरलेला. त्यामुळे एकाच बाजाराला आम्ही दर आठवड्याला परत यायचो. हे लक्षात ठेवा.

पहिली शाई अगदी साधी. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याचं भांडं पालथं धरायचं, भांड्याला धरलेली काजळी खरवडून धावड्याच्या डिंकाच्या पाण्यात घोटायची. निळ्याला कपड्याची नीळ, पिवळ्याला हळद. असल्या शाईनं कुणाचं काही बिघडत नाही. तिचा दोष एकच, ती टिकत नाही. घाम आला की पसरते.

फुलसावंगीच्या बाजारात बंदोबस्ताला एक हवालदार येत. त्यांनी दंडावर विंचू मारून घेतला, ठाण्यातल्या लोकांना दाखवायला. पुढच्या बाजारी ते खाकी सदऱ्याची बाही धरूनच आले. आतून सगळी काळी.

"काय हे बाई? इंचू सदऱ्यावर चढला माह्या!"

माय शांतपणे म्हणाली, "चढनच साहेब. एका जाग्यावर बसन त तो इंचू कायचा?"

सगळं पाल हसलं. हवालदारही हसले, पण जाताना म्हणाले, "पक्की शाई आना राजेहो. असं पुसतं त कोन घेईन?"

तेच बोलणं तांड्यावरच्या एका म्हातारीचं. आम्ही सगळे तिला याडी म्हणायचो, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मनगटापासून कोपरापर्यंत तिचे हात गोंदलेले. दर बाजारी ती आमच्या पालापुढे उभी राहायची, ठसे उलटेपालटे करून पाहायची, घ्यायची काहीच नाही.

"हे पुसते?"

"पुसते याडी."

"पुसते त कायले घ्यायचं वो?"

माझी माय नुसती हसायची.

मग बाजारात एक परगावचा छापवाला आला. त्याचा काळा रंग पंधरा दिवस हलत नसे. आमच्यापुढची गर्दी त्याच्यापुढे गेली. बानं त्याच्या पालासमोर उभं राहून नुसता वास घेतला आणि घरी येऊन म्हणाला, "बिबा हाय."

बिबा आमच्याकडच्या माणसाला सांगावा लागत नाही, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्या जंगलातलं झाड. त्याच्या काळ्या फळाच्या सालीत चिकट तेल असतं. परीट त्यात चुना मिसळून कपड्यावर खूण करतो, ती कपडा फाटला तरी जात नाही. पायाच्या भेगांना बिबा लावतात. त्याच्या बीतला गर, गोडांबी, आम्ही खातो. म्हणजे घरातलीच वस्तू. पण काही लोकांना बिबा उततो. अंग सुजतं, फोड येतात. कुणी तर म्हणतं, झाडाखालून गेलं तरी उततो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि प्रत्येकाला वाटतं, तो दुसऱ्याला उततो.

बानं बिब्याचं तेल, चुना आणि काजळी घोटून शाई केली. ती आधी स्वतःच्या दंडावर लावली. काही झालं नाही. पुढे दर बाजारी पाल लावलं की तो पहिला छाप सगळ्यांदेखत स्वतःच्या हातावर मारायचा आणि म्हणायचा, "पाहा, माह्या हातावर हाय. मंग तुमच्या." यात लबाडी नव्हती. जे आपण खाऊ तेच पाहुण्याला वाढावं, अशी त्याची समज. लोकांनाही ते पटायचं. गर्दी परत आली. आठ आऱ्यांचं चक्रही त्याच शाईनं पहिल्यांदा स्वच्छ उमटलं, कारण ती पसरत नसे. बा त्या दिवशी किती खूश होता! मायच्या बोटांच्या बेचक्यांत तेव्हापासून चिरा पडायला लागल्या. "राखेनं भांडे घासते, त्याच्यानं हाय," असं ती म्हणायची, आणि आम्हीही ते मानलं.

मी कॉलेजात जायच्या आधीच्या उन्हाळ्यात फुलसावंगीला शेवंता नावाच्या मुलीनं हातावर वेल काढून घेतला. तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या आजीनं मायला बजावलं होतं, "चांगला कायाभोर उमटव वो, मांडवापावतर राह्यला पाह्यजे."

पुढच्या बाजारी आजी तिला घेऊन सरळ पालात शिरली. शेवंताचा हात लुगड्याच्या पदरात गुंडाळलेला.

"ओ छापवाले! हे पाह्य. काय केलं हे माह्या नातीचं?"

पदर काढला. वेलाच्या प्रत्येक पानाच्या जागी फोड होता. म्हणजे वेल तसाच दिसत होता, फक्त फोडांचा. हात कोपरापर्यंत सुजलेला, काही फोड फुटून पाणी येत होतं. शेवंता रडत नव्हती. दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखी ती त्याच्याकडे पाहत होती.

बा उठून उभा राहिला. "माय, म्या आपल्या हातावर..."

"तुह्या हाताले कोन लग्नात पाहून राह्यलं बापा?" आजी ओरडली. "पोराकडचे पाहुणे काय म्हनतीन? पोरीले रोग हाय म्हनतीन. महारोग म्हनतीन! लग्न मोडलं त तू पोसशीन तिले?"

माणसं जमली. बानं माझ्यावर पाल सोडलं, माय आणि तो शेवंताला घेऊन पुसदच्या दवाखान्यात गेले. आणि त्यानंतर तो एकटा नवऱ्या मुलाच्या गावी गेला. शाईची वाटी आणि वेलाचा ठसा बरोबर घेऊन. तिथल्या पंचांसमोर ते ठेवून त्यानं सांगितलं, "दोष पोरीचा नाई. माह्या शाईचा हाय. पोरगी निरोगी हाय." आमच्या माणसानं दुसऱ्याच्या गावात पंचांपुढे उभं राहून असं बोलणं तेव्हा सोपं नव्हतं. लग्न झालं. पण शेवंताच्या हातावर काळपट डाग राहिला, वेलाच्या आकाराचा. ती अजून बाजारात दिसते. आमच्याकडे पाहून मान हलवते, थांबत नाही. ते बरोबरच आहे.

तुम्हाला वाटेल की मग बिबा बंद झाला. नाही झाला. बानं ठरवलं की बिबा जास्त पडला असेल. त्यानं बिबा अर्ध्यावर आणला आणि स्वतःच्या हातावर आता दोन-दोन ठिकाणी लावून पाहायला लागला. हातानं काही सांगितलं नाही की तो निश्चिंत. पण रात्रंदिवस तो वेल माझ्या डोळ्यांपुढे होता. बा वाईट माणूस नव्हता, आळशी नव्हता, तरी असं झालं. मग चूक कुठे आहे?

कॉलेजात गेल्यावर मी पहिल्या सहा महिन्यांत कुणाला काही विचारलं नाही. वर्गात मागे बसायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे प्रश्न विचारला तर चालतो की नाही हेही घरी विचारायची सोय नव्हती. शेवटी रसायनाच्या सरांना प्रयोगशाळेबाहेर गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

ते म्हणाले, "तुझ्या वडिलांचा हात हा सगळ्या बाजाराचा हात नाही. एकाच्या कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीची पारख होत नाही. आणि एकदा काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नाही. कधीकधी कातडी पहिल्या वेळी नुसती ओळख करून घेते आणि नंतर भांडते."

"मग पाहायचं कसं सर?"

"ज्याचा छाप, त्याच्याच हातावर. एक थेंब लाव आणि थांब. एका दिवसात कळेल असंही समजू नकोस, चार-आठ दिवस जाऊ देत. आणि बिब्याचं म्हणशील तर तो थेंबसुद्धा लावू नये. उततो तेव्हा थेंबही पुरतो."

मला आनंद व्हायला हवा होता, पण मी खट्टू झाले. बाजारात आलेलं माणूस आठ दिवस कसं थांबेल? ते मीठ घेतं, मिरची घेतं, छाप मारून घेतं आणि गाडी जुंपून जातं.

त्याचं उत्तर मला महागावच्या बाजारात मिळालं, तेही माझ्याच आठवणीतून. गोंदण करणारी कासाबाई आमच्या पालाजवळ बसायची. ती सुया मांडत होती आणि एका बाईला सांगत होती, "आज टिपका देते. पुढच्या बाजारी ये. आईनं होकार देला त हात भरून गोंदून देईन."

मी लहान असताना हे शंभरदा पाहिलं होतं. कासाबाई कोपराच्या आतल्या बाजूला एकच टिपका गोंदायची, देवीचं नाव घ्यायची आणि बाईला परत पाठवायची. आठ दिवसांत टिपका बसला तर देवीचा होकार. टिपका फुलला, सुजला, तर 'आईनं नाकारलं', मग ती कितीही पैसे दिले तरी सुई लावत नसे. आमच्या वस्तीनं देव सोडले तेव्हा बानं जे जे देवीच्या नावानं होतं ते सगळं सोडलं. 'देवीचा टिपका' तर त्याला नावानंही नको होता. देवीबरोबर आठ दिवसांचं थांबणंही आम्ही नदीत सोडून आलो होतो.

मी कासाबाईला विचारलं, "मावशी, टिपका काहून देतेस?"

"काहून म्हंजे? आईले इचारायले."

"अन् नाई इचारलं त?"

"नाई इचारलं त कसं चालन वो? पोरगी तू शिकेल, अन् असं इचारतं?"

तिला त्यापुढे काही सांगायचं नव्हतं. मला पुरेसं होतं.

घरी बाजवळ विषय काढायला मला चार वेळा धीर गोळा करावा लागला. शेवटी तो ठसा कोरत होता तेव्हा बोलले. तो ऐकता ऐकता थांबला. हातातली पटाशी खाली ठेवली.

"देवीचा कौल? माह्या पालात? लोक काय म्हनतीन वत्सले? देव पान्यात सोडले अन् टिपका ठेवला?"

"देवीचा नाई बा," मी म्हणाले. "कातडीचा कौल. ज्याच्या हातावर छाप, त्याच्या हाताले इचारायचं. तू आपल्या हाताले इचारते अन् शेवंताच्या हातावर मारते. तिच्या हाताले कोनं इचारलं?"

त्यानं ठशावरचा भुसा फुंकला. मग म्हणाला, "आठ दिस गिऱ्हाईक थांबन?"

"थांबन त थांबन. नाई थांबन त जाईन."

"अन् बिबा?"

"सर म्हनतात, बिबा थेंबभरबी नको."

"त्या सरानं बाजारात पाल ठोकलं काय कधी?" तो चिडून म्हणाला. पण थोड्या वेळानं स्वतःच विचारलं, "मंग काया रंग कायचा करशीन?"

काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. जुने लोक लिहायची शाई करायचे तसं, लोखंडी कढईत हिरडा उकळून त्यात अगदी थोडं हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार. हिराकस जास्त झालं तर तेही चावतं, म्हणून सरांनी दिलेल्या बेतानं. ही शाई लावताना फिकी दिसते, सकाळपर्यंत काळी होते आणि चार-पाच दिवस टिकते. बानं करून पाहिली. चक्र मारलं. आरे स्वच्छ उमटले, पण रंग बिब्यासारखा गडद नव्हता.

"माह्यासाठी ठीक हाय," तो म्हणाला. "पन पौर्निमेले नाई चालनार."

आता ती पौर्णिमा सांगते. बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीची मिरवणूक निघणार होती, आणि बाच्या मनात होतं की सगळ्या बायांच्या उजव्या हातावर चक्राचा छाप असावा. पहिला छाप मायच्या हातावर, सगळ्यांसमोर. त्याला कारण होतं. मायच्या डाव्या हातावर जुनं गोंदण आहे, देवीची पावलं. ती सात-आठ वर्षांची असताना बापाच्या घरी गोंदलेली. दीक्षा घेतल्यापासून माय बाहेर जाताना पदर मनगटापर्यंत ओढून घ्यायची. बायका तिला काही म्हणायच्या नाहीत असं नाही. "देव सोडले, पावलं नाई सोडले," असं एक-दोघी हसून म्हणायच्या. बाला वाटायचं, उजव्या हातावर असं काळंभोर चक्र मारावं की डावा हात कुणी पाहूच नये. म्हणून त्याला त्या दिवशी बिब्याचीच शाई हवी होती. आणि मायलाही.

शेवटी आमचा सौदा झाला. पौर्णिमेच्या आधीच्या बाजारी वस्तीतल्या बायांना टिपके द्यायचे, पण दोन. एक हिरड्याचा, एक बिब्याचा. मला बिब्याचा टिपका नको होता. सरांचे शब्द कानात होते. पण टिपक्याशिवाय बा सरळ अख्खं चक्रच मारणार होता. "टिपक्यानं सांगितलं त म्या मानीन," एवढं तो म्हणाला. मग मी प्रत्येकीला आधीच सांगितलं की हा उतू शकतो, नको असेल तर फक्त हिरड्याचा घ्या. निम्म्या बायांनी तेवढाच घेतला. मायनं दोन्ही घेतले. "मले काय होते? जन्म गेला बिबे फोडन्यात," ती म्हणाली. तिच्या उजव्या कोपराच्या आत, जिथे कासाबाई द्यायची तिथेच, मी मोहरीएवढे दोन टिपके दिले.

पुढचे दिवस मी कॉलेजच्या परीक्षेसाठी पुसदला होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घरी आले तर माय उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांची चोळी घालून भाकरी थापत होती.

"माय, हात दाखव."

"भाकर करपन वो."

"माय."

"काई नाई झालं. उद्या मार छाप. पक्का मार."

मी तवा खाली उतरवला. तिनं हात मागे घेतला, मी धरला. आम्ही मायलेकी चुलीपुढे तो हात ओढत होतो, तेवढ्यात बा आत आला. मी बाही वर केली. हिरड्याचा टिपका निघून गेला होता, खाली कातडी जशीच्या तशी. बिब्याच्या टिपक्याच्या जागी फोडांचा झुपका, भोवती पावलीच्या नाण्याएवढं लाल, खाजवून खाजवून ओलं झालेलं.

बा खाली वाकला. त्यानं आधी तो हात पाहिला. मग तिची बोटं उलटी केली, बेचक्यांतल्या चिरा पाहिल्या. इतकी वर्षं ती बोटं आमच्यासमोर होती.

"हे राखेचं नव्हतं," तो म्हणाला.

"जाऊ द्या ना," माय म्हणाली. "उद्याच्या दिसासाठी होऊ द्या. फोड आले त येतीन. मले ते चक्र पाह्यजे. पक्कं पाह्यजे."

"एका मोहरीचं हे झालं. अख्खं चक्र मारलं त?"

"त मी सोसीन. हे पावलं नाई सोसले काय?"

बानं फडताळातून बिब्याच्या शाईची वाटी घेतली आणि गावातल्या परटाकडे देऊन आला. "कपड्याले चांगली हाय," असं त्याला सांगितलं म्हणे. त्या दिवसापासून आमच्या पालात बिबा नाही. माझ्या सांगण्यानं जे झालं नाही ते मायच्या हातानं झालं, हे मी मोकळेपणानं लिहिते.

पौर्णिमेला मायचा उजवा हात दुखरा होता आणि सुजलेल्या किंवा चिरलेल्या कातडीवर कुठलीच शाई लावायची नाही, हा नियम मी तेव्हाच घातला. उरला डावा. त्यावर पावलं. बा ठसा हातात घेऊन थांबला. मायनंच पदर सारला आणि भरल्या अंगणात डावा हात पुढे केला. पावलांच्या शेजारी मोकळी जागा होती, तिथे बानं हिरड्याचं चक्र मारलं. फिकं उमटलं. कुणीतरी म्हणालं, "दिसत त नाई वो." माय म्हणाली, "सकायपर्यंत दिसन. आठ आरे हायेत, मोजून घ्या." मिरवणुकीत ती पदर न ओढता चालली.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली ती या लेखाच्या नावात आहे. एका बाजारी टिपका, दुसऱ्या बाजारी छाप. सुरुवातीला लोक हसले. "छाप मारता की मुहूर्त काढता?" हवालदार म्हणाले. बरेच गेले. पण दर आठवड्याला आम्ही त्याच जागी असायचो, आणि टिपका घेऊन गेलेल्या पोरी परत यायच्याच, कारण टिपका मिरवणं हीच एक ऐट झाली. ज्यांचा टिपका फुलला त्यांना आम्ही छाप दिला नाही. रुसले तरी नाही. लहान बाळांना नाही, डोळ्याजवळ नाही, कापड रंगवायचा पुडीतला रंग कधीच नाही. शाईत काय आहे असं कुणी विचारलं तर मी हिरडा, हिराकस, डिंक हातावर ठेवून दाखवते. आमच्यासारख्याच कुणाचा हा धंदा असेल त्यांनी यातलं जे घ्यायचं ते घ्यावं, आणि जो आपल्या शाईचं नाव सांगत नाही त्याच्यापुढे कुणी हात धरू नये. एवढं सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

मायचं चक्र पुढच्या बाजारापर्यंत पुसलं. सकाळी पाल लागलं की ती बापुढे हात धरायची, "गेलं. पुन्हा मार." बा पुसून कोरडा करायचा, ठसा दाबायचा, त्यावर एक फुंकर घालायचा. तेव्हापासून दर बाजारी हेच चालू आहे.

मागच्या सुट्टीत मी पालात बसले होते तेव्हा याडी नेहमीसारखी येऊन उभी राहिली. मायच्या हातावर ओली शाई पाहून म्हणाली, "मागल्या बाजारी मारलं होतं ना? पुसलं? सांगत होती मी. पुसते त कायले घ्यायचं?"

या वेळी माय नुसती हसली नाही. तिनं हात पुढे केला आणि पावलांवर बोट ठेवलं.

"हे पाह्य याडी. हे मी लहान असताना गोंदलं. दोघींनी धरून ठेवलं होतं मले. कोनं नाई इचारलं. ते पुसत नाई." मग तिनं शेजारच्या चक्राकडे बोट नेलं. "हे पुसते. म्हनून दर बाजारी मी मांगते."

याडी बराच वेळ तिचा हात धरून पाहत राहिली. मग स्वतःचा गोंदलेला हात उलटा केला. कोपराच्या आत थोडी कोरी जागा होती.

"टिपका दे," ती म्हणाली.